कोंबडा आणि आवक क्रमांक

३० एप्रिल

आज पुन्हा तेच. एवलोगी राशकोव यावोरेनहून आला आणि काही बोलायच्या आत माझ्या टेबलावर ही एवढी जड पिशवी ठेवली. आत ल्युतेनित्साच्या, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या बरण्या, काकडीचं लोणचं, वर घरी गाळलेल्या रकियाची बाटली. "ईस्टर आलाय, नेवेनाबाई. दाफिनानं स्वतः भरलीय. नाही म्हणू नका."

म्हटलं, एवलोगी, तुमच्या कारखान्याचं अनुदानाचं प्रकरण माझ्याच हाताखालून जाणार आहे. बरणी सोडा, बरणीचं झाकणही मला चालायचं नाही. तर हसला. झाकणंच बनवतो ना तो. या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराच्या तळघरात त्याचं झाकण आहे.

बाहेर अकरा माणसं रांगेत. उद्यापासून सुट्ट्या, म्हणून सगळ्या उद्योजकांना आजच आठवण झाली. मी चिकटपट्टी शोधत होते, तो दारातून काहीतरी म्हणाला, आणि मी मान वर करेपर्यंत त्याची गाडी सुरू झालेली. पिशवी इथेच.

मग नियमाप्रमाणे केलं. पिशवी बांधली, पट्टी लावली, पट्टीवर शिक्का. भेटवस्तू नोंदवही, पान ९, क्रमांक १७ — "एक पिशवी, बरण्या व बाटली, ए. राशकोव, नाकारली." कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिमाही संपली की वृद्धाश्रमाला. अख्ख्या कार्यालयात ही वही एकटी मी लिहिते. पेन्चेव साहेब तिला 'नेवेनाची पोथी' म्हणतात. त्यांच्याकडे आलेला बकऱ्याचा पाय दुपारपर्यंत संपला होता.

७ मे

सुट्ट्या संपल्या. अर्जांची यादी काढली — राशकोवचा अर्ज नाही! मुदत दहा तारखेला संपते. गेल्या महिन्यात फोनवर अर्धा तास घसा कोरडा केला होता. आधी अर्ज आमच्या हातात, मग जमिनीला फावडं. कागदावर द्या, पोर्टलवर द्या, पण आधी द्या. कारण युरोपच्या पैशाचा नियम सगळीकडे एकच आहे, पोर्तुगालपासून आपल्यापर्यंत — काम आधीच सुरू केलं असेल, तर तुम्हाला मदतीची गरजच नव्हती असं धरतात. घरी जा.

फोन केला. "अहो, अर्ज कुठाय?"

पलीकडून भला मोठा सुस्कारा. "परत?"

"परत काय परत? एकदा तरी द्या."

"बरं बाई, देतो. तुमच्याकडे सगळं दोन-दोनदा लागतं, मला काय नवीन आहे?"

उपकार केल्यासारखा बोलत होता. काय माणसं आहेत!

९ मे

पोर्टल सकाळपासून बंद. चार चाळीसला उघडलं, चार बेचाळीसला राशकोवचा अर्ज आला. आवक क्रमांक दिला. सुटले एकदाची.

१७ मे

सुटले कसली.

सकाळी स्थानिक साप्ताहिक उघडलं. पान तीन. गेर्ग्योव्हदेनच्या सणाचा फोटो, म्हणजे ६ मे. एवलोगी नव्या सुटात, शेजारी पाद्री, मेयर, तांब्याच्या कळशीतून पाणी ओतणारी एक मुलगी. मध्ये खड्डा. गवंडी स्तामेनकाकांच्या एका हातात कोंबडा, दुसऱ्या हातात सुरी. आणि बाजूला — डोळे चोळून पुन्हा पाहिलं — काँक्रीटने भरलेलं घमेलं. खाली छापलंय, 'झाकणांच्या नव्या कारखान्याचं काम सुरू'.

काम सुरू. सहा तारखेला. अर्ज नऊ तारखेला. आणि हे सगळं फोटोसकट, हसत हसत. एखाद्याने लपूनछपून तरी करावं.

झाकणं दाबून काढणारी जुनी प्रेस या हिवाळ्यापुढे चालणार नाही, हे एवलोगीने स्वतः मला दाखवलं होतं. अनुदान नाही तर नवी प्रेस नाही. नवी प्रेस नाही तर अडतीस बायका घरी. यावोरेनमध्ये दुसरं आहे काय? एक शाळा, दोन टपऱ्यांएवढी दुकानं आणि बसथांबा.

२० मे

यावोरेनला गेले. रागावूनच गेले होते, तिथे जाऊन आणखी भर पडली.

जमिनीत एका कोपऱ्यात काँक्रीटचा चौकोन. बाकी सगळं गवत. स्तामेनकाका त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले. म्हातारा सत्तरीचा असेल, मला म्हणतो, "कोंबड्याशिवाय भिंत उभी राहत नाही, पोरी. कम्युनिस्ट पार्टीच्या राज्यात बंदी होती, तेव्हा सहकारी गोदाम कोंबड्याविना बांधलं. दोनदा बसलं. तिसऱ्यांदा सेक्रेटरीने स्वतः माझ्या घरी कोंबडा पाठवला, मागच्या दाराने."

"काका, कोंबडा कापा हो. दहा कापा. नियमात कोंबड्याबद्दल अवाक्षर नाही. काँक्रीट कशाला ओतलंत?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच वेडी. "मग काय उघडा ठेवायचा? कुत्री नेतील."

कपाळावर हात मारून घेतला. यावर ब्रसेल्सला काय उत्तर लिहायचं?

तेवढ्यात एवलोगी आला. मागे कारखान्याच्या दारात बायका उभ्या, हात पुसत. तो म्हणाला, "काळजी कशाला करता? अर्ज तर मी ईस्टरच्या आधीच दिला होता. तुमच्या टेबलावर. म्हणून तर मुहूर्त केला."

"आवक क्रमांक दाखवा."

"तुम्ही दिला नाहीत."

"दिला नाही, कारण अर्जच नव्हता."

"अहो, त्या पिशवी—"

मी त्याला तिथेच तोडलं. एवढ्या लोकांसमोर पिशवीचं नाव? म्हटलं, "त्या पिशवीचा विषय पुन्हा काढलात, तर मला तुमच्यावर वेगळा कागद करावा लागेल. लाचेचा. कळलं?"

त्याचा चेहरा पडला. तोंड उघडं होतं ते मिटलं. बायकाही आत गेल्या.

बरंच झालं. मला पिशवी देऊन वर तिचीच आठवण करून द्यायची, म्हणजे हद्द झाली.

५ जून

युरोपीय निधीचा तपासनीस आला — फिनलंडचा, वेइक्को सालोवारा. उंच, शांत, पाण्याशिवाय काही घेत नाही. खिशातून पोलादी टेप काढली आणि वाकून काँक्रीट मोजलं. साठ बाय साठ. खोली चाळीस. मग विचारलं, खाली काय आहे?

दुभाषी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग.

त्याने वहीत 'कोंबडा' असं लिहिलं. मग म्हणाला, आमच्याकडे फांदी बांधतात. पण छप्पर झाल्यावर.

माणूस वाईट नाही. जाताना एवलोगीला सांगून गेला, "सहा मेच्या आधी तुमचा अर्ज कार्यालयात पोचला याचा कुठलाही कागद आणा. कुठलीही नोंद चालेल. मला तेवढंच पुरे." एवलोगीने माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळायला मदत करत होते.

तोंड का उघडत नाही हा माणूस? त्याची बायको दाफिना असती तर तिने हलवला असता, पण ती ईस्टरनंतर लगेच मुलीच्या बाळंतपणाला वालेन्सियाला गेलीय.

११ जून

पेन्चेव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मेयरचा फोन आला असणार. दार लावलं, आवाज खाली.

"नेवेना, आवक नोंदवहीत तीस एप्रिलला शेवटच्या दोन ओळी रिकाम्या आहेत."

आहेतच. आपल्याकडे रोज दोन ओळी सोडतात. कुणी तसा हुकूम दिलेला नाही, कुणी बंदही केलेलं नाही. वेळेला उपयोगी पडतात.

"राशकोवचं नाव घाल एका ओळीत. अडतीस बायकांचा दुवा मिळेल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, साहेब, सव्वीस वर्षांत मी एक खोटी ओळ लिहिली नाही, आता एका कोंबड्यासाठी लिहू? ते म्हणाले, "तुझा खरेपणा त्या बायकांनी ताटात वाढून घ्यायचा का?" मी दार उघडं टाकून निघून आले.

त्या बायकांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात, येणारच. पण खोटं ते खोटं.

१४ जून

अहवाल पाठवला. काम अर्जाआधी सुरू, अनुदान नाकारावं. आणि अर्जदाराने आधी अर्ज दिल्याचं खोटं विधान केलं, सबब तीन वर्षं कुठल्याही युरोपीय निधीसाठी अपात्र. दुसरं वाक्य लिहायलाच हवं होतं असं नाही. पण मी लिहिलं. मला खोटारडी ठरवायचं आणि खोटं बोलणारा सुटायचा, असं चालणार नाही. अर्थात मला कोणी खोटारडी म्हटलंच नव्हतं.

दुपारी एवलोगीचा फोन. आरडाओरडा करेल म्हणून तयारीत होते. म्हणाला, "तीस वर्षं झाकणं बनवतोय, नेवेनाबाई. एकही सैल निघालं नाही." ठेवला.

एवढंच. आणि तेच दिवसभर डोक्यात.

१९ जून

बेकरीतल्या स्नेझानाने आज मला सकाळचं 'दोब्रो उत्रो' म्हटलं नाही. तिची धाकटी बहीण प्रेसवर आहे. पाव दिला, सुटे पैसे काचेवर ठेवले. हातात नाही दिले.

२१ जून

निधीचा निर्णय १ जुलैला कायम होणार, तोवर हरकत असेल तर कळवा, असं पत्र. मुख्यालयाची पत्रं मोजून चार भाषांत येतात आणि चारही भाषांत एकसारखी कोरडी.

एवलोगी हरकत घेणार नाही. स्तामेनकाकांना म्हणे त्याने सांगितलं, "त्या बाईने एकदा धमकावलंय, पुन्हा तिच्या दारात जाणार नाही." हे मला पोस्टमनने सांगितलं. मी धमकावलं! मी फक्त नियम सांगितला.

२७ जून

तिमाही संपत आली. उद्या वृद्धाश्रमाच्या मुख्य परिचारिका मिन्काबाई भेटवस्तू न्यायला येणार. नियमाप्रमाणे सील दोघींसमोर तोडायचं, यादी करायची, दोघींच्या सह्या. कपाटात एकूण सहा पिशव्या. पेन्चेव साहेब जाताजाता म्हणाले, "रकिया तरी इथे राहू दे." म्हातारी माणसंसुद्धा रकिया पितात, साहेब.

यावोरेनच्या बायकांनी जिल्हा कार्यालयासमोर येऊन उभं राहायचं ठरवलंय, सोमवारी. हातात म्हणे बरण्या घेऊन येणार आहेत. येऊ देत. माझ्या फायलीत एक कागद इकडचा तिकडे नाही. हे त्यांना कोण समजावणार?

थकले आहे मी या सगळ्याला. मला कोणी विचारलं तर मी त्या एवलोगीला अजून ओरडेन — बाबा रे, तीन दिवस थांबला असतास तर? फक्त तीन दिवस!

२८ जून

क्रमांक १७. सहा बरण्या, एक बाटली. बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून तळाला दाफिनाचा भरतकामाचा टॉवेल, आणि टॉवेलात प्लास्टिकच्या पाकिटात अर्ज. अकरा पानं. कंपनीचं नाव, जागा, प्रेस, खर्च, सही, शिक्का, २९ एप्रिल. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर चिठ्ठी टाचलेली, ती मिन्काबाईंनी मोठ्याने वाचली — "नेवेनाबाई, घाई नाही. वेळ मिळेल तेव्हा हिच्यावर शिक्का मारून ठेवा."

मी भेटवस्तू नोंदवहीचं पान ९ उघडलं आणि क्रमांक १७ खाली अर्जाची नोंद केली. खाली मिन्काबाईंची सही, मग माझी.

मग सालोवारांना लिहिलं. अर्जदार खोटं बोलला नाही. अर्ज ३० एप्रिलला कार्यालयात आला होता. माझा अहवाल चुकीचा आहे, आणि अर्जदाराने सांगायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. सोबत भेटवस्तू नोंदवही, पान ९: ३० एप्रिलची नोंद, पिशवी आजपर्यंत सीलबंद, आजच्या दोन सह्या. खाली माझं पूर्ण नाव.

आवक नोंदवहीतल्या त्या दोन रिकाम्या ओळी तशाच ठेवल्या. आजच्या पानावर, आजच्या तारखेला, रांगेत उभी राहून माझ्याच पत्राची एक प्रत दाखल केली आणि तिचा आवक क्रमांक घेतला.