मधलं कार्ड आणि सेक्रेटरींचा कान

दिंडोशी,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

ती. ताईस,

सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगं वाकतात, पण तू नमस्कार पुराच धर.) भावोजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? तुझी कंबर कशी आहे? मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या अपूर्वाने बोरिवलीहून तुला माझ्याबद्दल काय कळवलंय ते मला ठाऊक आहे. परवा फोनवर "सुलू, तुजा डोक्या ठिकाणार आसा मां?" असं विचारलंस, देवळात गाऱ्हाणं घालते म्हणालीस, कार्ड दिवाळीच्या आत विकून टाक म्हणालीस आणि माझं ऐकायच्या आत फोन ठेवलास. म्हणून पत्र. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

तर ते कार्ड म्हणजे रमीचं नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची विटेएवढी वस्तू असते, पडद्यावरची चित्रं ती रंगवते. माझा प्रांजल बंगळूरला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर, टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणि डोळ्यांवर चढवायचा तो खोका इथेच टाकून गेला. खोका चढवून ट्रक चालवायचा खेळ लावला की आपण थेट ट्रकमध्ये बसतो. मान वळवावी तिकडे रस्ता, झाडं, टपऱ्या. पण जुनं कार्ड इतकं सुस्त, की मी मान वळवल्यावर झाडं मागाहून वळायची आणि मला मळमळायचं. शेवटी मालाडला मिथुनच्या दुकानात गेले. तो सगळ्यात भारी कार्ड दाखवू लागला, मी म्हटलं मधलं दे. आपल्या तिघी बहिणींत मी मधली. मधल्याकडून किती काम निघतं ते मला कुणी सांगायला नको.

कार्ड घरी आलं ते खंडेनवमीला. आपले अण्णा त्या दिवशी गिरणीतला पाना पाटावर ठेवून पुजायचे, आठवतंय ना? मग मीही कार्ड पाटावर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला. (हात जरा सढळ पडला. पूजेत कंजुषी मला जमत नाही.) दसऱ्याला मिथुन बसवायला आला. झेंडू काढला, बाकी प्रसाद समजून राहू दिलं. बटण दाबलं, कार्डाचे दोन्ही पंखे फिरले आणि सगळं कुंकू मिथुनच्या पांढऱ्या शर्टावर. तो एवढंच म्हणाला, "काकू, वॉरंटीत हळद-कुंकू येत नाही." तेव्हापासून दोन-चार अक्षता पंख्यात अडकून आहेत आणि कार्ड चालू असलं की घरात खुळखुळा वाजतो. मिथुन काढून देतो म्हणतो. मी नाही म्हटलं. दसऱ्याच्या अक्षता आहेत, असू देत.

पुढचं सगळं त्या खुळखुळ्यामुळे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिवदास पेडणेकर वर्गणीच्या पावत्या घेऊन आले. बेल वाजली ती मला ऐकू आली नाही. दार लोटलेलं होतं, ते आत आले आणि मी काय करते ते बघायला माझ्या डाव्या अंगाला वाकले. मी घाटात होते, पुढे चढ होता. डावा हात गिअरकडे नेला तो हातात त्यांचा कान आला. ताई, मी तो तिसऱ्यात टाकला. (दुसऱ्यात टाकणार होते, पण ते ओरडले.) नेमकी त्याच क्षणी अपूर्वा डबा घेऊन दारात. तिने तुला कळवलं ते एवढंच, की मावशी एकटीच हातवारे करते आणि परपुरुषाचे कान ओढते.

कान ओढला, कबूल. माफीही मागितली. पण कार्ड विकणार नाही. यांच्या स्कूटरवर मी तीस वर्षं मागे बसले. मला शिकायचंय म्हटलं की हे म्हणायचे, तू छान बसतेस मागे. माणूस वाईट नव्हता गं, पण मला त्याचा राग होता आणि अजून आहे. मी पहिला घाट उतरले त्या दिवशी खोक्यात रडले. खोका काढून डोळे पुसायचे म्हणजे ट्रक थांबवावा लागला असता, म्हणून तशीच रडत चालवला. तुझं गाऱ्हाणं देवाने ऐकलं तरी मी ऐकणार नाही.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सुलू

ता. क. भावोजींना आता गाडी चालवायला मनाई आहे आणि अंगणातला आंब्याचा टेम्पो ते विकायला काढतायत, असंही अपूर्वाकडूनच कळलं. विकू नका. मला शिकाऊ लायसन्स मिळालंय, पक्कं पौषापर्यंत मिळेल. हंगामाला मी येते. टेम्पो मी चालवेन, भावोजींनी शेजारी बसून रस्ता दाखवावा. सगळं पत्र याच्यासाठी लिहिलं.

आणखी ता. क. टेम्पोचं तोंड भिंतीकडे असेल तर मी यायच्या आत कुणाकडून तरी रस्त्याकडे वळवून ठेव. मला रिव्हर्स अजून येत नाही.