जलप्राण अर्क आणि उरलेला एक मासा

प्रति,
मा. मुख्य रसायनज्ञ साहेब,
पाणी तपासणी प्रयोगशाळा,
भिलाई, जि. दुर्ग

अर्जदार : देवराव घाटोळे, क्रेन ऑपरेटर, रोलिंग मिल, राहणार सेक्टर २

विषय : काचपेटीतील माशांसाठी विकल्या जाणाऱ्या 'जलप्राण अर्क' या औषधाची, दुसरी मात्रा देण्याआधी, तपासणी होणेबाबत.

संदर्भ : रविवारच्या बाजारात विक्रेत्याशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

आपण नागपूरकडचे आहात असे समजले, म्हणून अर्ज मराठीत केला आहे.

१. अर्जदाराची पत्नी रत्नमाला श्रावणात वारली. ती एका रशियन इंजिनिअरच्या घरी शिवणकामाला जात असे. ते कुटुंब मायदेशी परतले तेव्हा इंजिनिअरच्या बाईंनी आपली काचेची पेटी आणि त्यातले लाल मासे तिला दिले. अर्जदाराला मूलबाळ नाही. रत्नमाला काचेवर बांगडी वाजवी आणि मासे वर येत. ती नळाचे पाणी आदल्या दिवशी घंगाळात भरून अंगणात ठेवी आणि मगच पेटीत घाली. असे का, ते अर्जदाराने कधी विचारले नाही.

२. ती आजारी असताना सदर विक्रेता दारावर आला होता. त्याच्या कागदावर छापले आहे की, या अर्काने नळाचे पाणी क्षणात नदीसारखे होते, आजारी मासा उठतो आणि निरोगी मासा मरत नाही. रत्नमालाने खाटेवरूनच शिशी पाहिली आणि म्हणाली, "शिशीवरचा मासा छापेल हाय, थो कावून मरन?" विक्रेता निघून गेला. ती हसली आणि तिला खोकला लागला. त्यानंतर अर्जदाराने तिला हसताना पाहिले नाही.

३. आमच्याकडे सुतक फिटले की घरात साठवलेले सगळे पाणी ओतून नवे भरतात. त्या दिवशी अर्जदाराची आत्या अंजनाबाई हिने माठ, बादल्या रिकाम्या करवल्या आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "काचातलं पानी बी घरचंच व्हय नं. थे बी ओतून टाक." पाहुणे यायचे होते. घंगाळात पाणी मुरवत ठेवायला सवड नव्हती. तेव्हा अर्जदाराला त्या अर्काची आठवण झाली. बाजारातून शिशी आणून त्याने नळाचे पाणी थेट पेटीत भरले आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे थेंब टाकले. जेवणाच्या पंगती उठेपर्यंत मासे उलटे तरंगू लागले. एकच वाचला.

४. अर्जदार विक्रेत्याकडे गेला. त्याच्या बरणीतही एक मासा असतो. आदल्या खेपेला त्या माशाच्या शेपटीवर काळा डाग होता, आता नव्हता. मासा बदलला काय, असे विचारता, डागही अर्कानेच गेला, असे उत्तर मिळाले. मग आमचे का मेले? त्यावर तो म्हणाला की, अर्क कधी चुकत नाही, पण ज्या घरात नुकताच मृत्यू झाला त्या घरात तो लागू पडत नाही. आता दुप्पट मात्रा द्या आणि मनात शंका आणू नका, शंकेनेही गुण जातो. अंजनाबाईचेही म्हणणे तसेच आहे की मासे मालकिणीच्या मागे गेले.

५. उरलेला मासा तळाशी बसून असतो. खात नाही. आरोग्य खात्यात माणसांच्याच औषधाचे अर्ज घेतात आणि जनावरांच्या दवाखान्यात गुरांच्या. दोघांचेही रास्त आहे. अर्जदार कामावर क्रेन चालवतो, पण सध्या हुकावर काय लटकले आहे याकडे त्याचे लक्ष राहत नाही. म्हणून त्याने स्वतः होऊन रजा मागितली आहे. घरी शिशी हातात घेऊन तो पेटीजवळ उभा राहतो आणि परत ठेवतो. टाकली तर मरेल काय, न टाकली तर मरेल काय, हे सांगणारी बाई आता नाही.

६. तरी विनंती की, शिशीत काय आहे ते पाहून 'टाका' किंवा 'टाकू नका' एवढेच लिहून द्यावे. विक्रेत्याला शिक्षा नको, पैसेही परत नकोत. दोष अर्काचा निघाला तर अर्जदार पाणी घंगाळात मुरवून पाहील. दोष अर्काचा नसेल तर तो घराचा ठरतो, आणि त्या घरात अर्जदाराला राहायचे आहे.

आपल्या एका शब्दाची वाट पाहणारा,
देवराव घाटोळे
भिलाई, दि. ९ सप्टेंबर १९६३

सोबत : अर्काची अर्धी शिशी, तिच्यासोबतचा छापील कागद, पेटीतले पाणी, स्वच्छ बाटलीत.

मासा सोबत जोडलेला नाही. काल बांगडी वाजवल्यावर तो अर्ध्यापर्यंत वर आला होता.