एका हाताचं ड्रिल

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

घेतलं नाही. नुसतं बघायला आणलंय!

पोपटरावांच्या दुकानात काचेआड कधीपासून दिसत होतं. बॅटरीवरचं ड्रिल मशीन. हिरवं, पिस्तुलासारखं, वायर नाही. अंगणवाडीच्या फळ्याला स्क्रू आणायला गेले आणि विचारूनच टाकलं. पोपटराव म्हणाले, "ताई, साधं मॉडेल हाय. लई भारीतलं न्हाई. पन घरच्या कामाला फस्क्लास. म्हैनाअखेरपतोर वापरून बघा. पटलं तर ठेवा." खोका हातात देताना वर – "ओरखडा नको बरं का!"

शिलाई मशीनमागं, चिंध्यांच्या पिशवीखाली ठेवलंय. सम्राटला दाखवायचं नाही. अजून नाही.

(तोंडानं मी 'अहो'च म्हणते. वहीत नाव लिहिते. इथं कोण ऐकतंय!)

१३ फेब्रुवारी

का लपवलं ते लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल.

सम्राट कोरेगाव भीमाच्या बाजूला कंपनीत फिटर होता. मागच्या वर्षी ड्यूटीवरून येताना ट्रकनं मोटारसायकलला हूल दिली. खांद्यातल्या शिरा तुटल्या. डावा हात आहे, पण नुसता लोंबतो. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हात राहील, काम करणार नाही. कंपनीनं हिशोब करून मोकळं केलं.

तेही त्यानं सोसलं. पण विहाराचा फळा लावायला वस्तीतल्यांनी बोलावलं, तिथं बिनसलं. हातानं फिरवायचं ड्रिल होतं. एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. त्यानं छातीनं दाबून बघितलं. सटकलं. पुन्हा सटकलं. मग सगळे एकदम – "राहू द्या, राहू द्या!" चांगल्या मनानंच म्हणाले. पण ते 'राहू द्या' त्याच्या जिव्हारी जे लागलंय! हत्यारांची पेटी त्या दिवशी खाटेखाली गेली ती गेलीच.

म्हणून आधी मी बघणार. जमलं नाही तर वाईट फक्त मला वाटेल. त्याला नको.

१४ फेब्रुवारी

दुपारी तो वाचनालयात पेपर वाचायला गेला. आत्या, म्हणजे सासूबाई, झोपल्या होत्या. मी जुन्या ओढणीनं डावा हात कमरेशी बांधला आणि मशीन उजव्या हातात घेतलं.

काय गुणाचं आहे! वजन म्हणाल तर भरल्या तांब्याएवढं. सगळं एका हातात. दाबायचं बोटानं, सुलटं-उलटं करायचं बटण अंगठ्याखाली. प्लायच्या तुकड्यात असं गेलं, जसं पिकल्या पपईत चाकू. स्क्रूच्या बिटला, म्हणजे पुढच्या टोकाला, लोहचुंबक आहे, स्क्रू आपला चिकटून राहतो – धरायला दुसरा हात लागतच नाही! हे ज्यानं काढलं असेल त्याचं भलं होवो.

लाईट नव्हती. दुपारी नसतेच आता. मशीनला त्याचं काहीच नाही.

मी एकटीच खोलीत हसत होते, हात बांधून.

१५ फेब्रुवारी

चक, म्हणजे बिट पकडणारं मशीनचं तोंड!! बिट बदलायचं तर चकाला दोन कड्या. मागची एका हातानं घट्ट धरायची, पुढची दुसऱ्यानं फिरवायची. दोन हात. झालं का!

१६ फेब्रुवारी

आज भिंत. विटेच्या भिंतीत गेलं – सावकाश, कुरकुरत, पण गेलं. दरवाज्यावरच्या काँक्रीटच्या पट्टीला लावलं तर नुसतं गुरगुरलं, टोक तापलं, भिंतीला पांढरा ठिपका. बास. त्याला ठोके देणारं मोठं मशीन लागतं म्हणे, ते हे नव्हे. आणि बॅटरी उतरायला लागली की हळूहळू नाही, एकदम मान टाकते. चार्जिंगला पाच तास. आमच्याकडं लाईट सलग पाच तास असते कधी!

हे सगळं बाजूला ठेवूनही मला ते आवडलंय. खोटं बोलत नाही ते मशीन. जमेल तेवढं चोख करतं, जमत नाही तिथं थांबतं.

आवाजानं आत्या उठल्या. दारात उभ्या. "माया, हात का बांधलास गं? मुरगाळला का?"

सांगितलं सगळं. त्या खाली बसल्या. ओढणीची गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "गाठ सैल हाय तुझी. त्येचा हात असा हालत न्हाई." आणि स्वतः उठून गाठ घट्ट केली.

भागुबाई म्हणजे भागुबाई! माझी सासू म्हणून नाही सांगत.

१८ फेब्रुवारी, रविवार

सापडले.

वाचनालय रविवारी लवकर बंद होतं हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी जमिनीवर, हात बांधलेला, मशीन मांड्यांत धरलेलं, दातांनी चकाची कडी फिरते का बघत होते. वर बघितलं तर सम्राट.

आधी त्याला कळलंच नाही. मग ओढणी दिसली.

"काय चाललंय हे? माझी नक्कल करतीयास?"

"अहो, नक्कल न्हाई. बघत होते, एका हातानं जमतं का."

"मग इचारायचं मला! एक हाताचा मानूस घरात बसलाय की! त्येला सोडून दोन हाताची बाई हात बांधून बघती व्हय?"

मी म्हटलं, "नाही जमलं असतं तर तुम्हाला परत 'राहू द्या' ऐकायला लागलं असतं."

त्याचं तोंड एकदम उतरलं. रागावलेला बरा होता. तसाच बाहेर गेला, घोडनदीच्या पुलाकडं. जेवायला आला नाही. आत्या दारात बसून राहिल्या.

त्याचं बरोबरच आहे. मी त्याला विचारायला हवं होतं. मी त्याची काळजी करता करता त्याला घरातल्या फडताळासारखं करून ठेवलंय – जपून, हलवायचं नाही.

१९ फेब्रुवारी

चहा आत्यांच्या हातून घेतला, माझ्या नाही.

२१ फेब्रुवारी

आज काय झालं!

अंगणवाडीतून आले तर ओट्यावर लाकडाचा भुसा. पेटी खाटेखालून बाहेर. उघडी!! सम्राट खाली बसलेला, समोर बसायचा जुना पाट. पाटाच्या कडेला त्यानं करवतीनं खाच पाडली होती, आत सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं होतं. पाट पायांनी दाबून धरलेला.

माझ्याकडं न बघता म्हणाला, "ये. बघ." चकाची मागची कडी खाचेत घट्ट बसवली, मशीन गुडघ्यात धरलं, बिट बोटांत धरून अंगठ्यानं पुढची कडी फिरवली. कर्र कर्र – बसलं. काढलं. दुसरं बसवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच!

"दातानं करत हुतीस," म्हणाला. "दात गेलं असतं की गं."

आणि हसला. मी मात्र रडले. आत्या आतून ओरडल्या, "रडती का? बिगडलं का मशीन?"

२४ फेब्रुवारी, शनिवार

दोघं दुकानात गेलो, ठेवतोय म्हणून सांगायला. बाजाराचा दिवस, गर्दी.

पोपटरावांनी विचारलं, कसं वाटलं? सम्राटनं काउंटरवर फळी मागून घेतली आणि दाखवलंच. फळीच्या एका टोकावर गुडघा, स्क्रू चुंबकाला, घर्र – आत. बाहेर. पुन्हा आत. माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आरं, एका हातानं!"

पोपटरावांचे डोळे चमकले. "मास्तर, एक बोलू? रोज दुपारी चार घटका येऊन बसा हितं. बोर्ड लावतो – एका हातानं चालतं. तुमास्नी बघून कोन घेनार न्हाई? तुमालाबी पगार."

मला वाटलं, वाईट काय आहे? सावलीत बसून पगार! मी सम्राटकडं बघितलं. त्यानं मशीन खाली ठेवलं.

"पोपटराव, मशीन इका. मला नका इकू."

 पोपटराव वाईट माणूस नाहीत, चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, "तसं न्हवतं हो माझ्या मनात." सम्राट म्हणाला, "ठाव हाय मला. म्हनून रागवलो न्हाई." आणि मग फिटरच्या आवाजात, जो मी वर्षभर ऐकला नव्हता – "गिऱ्हाइकाला खरं सांगत जा. लाकूड, पत्रा, इटंची भिंत – चालंल. काँक्रीटला लावू नगा. बॅटरी दोन वर्सं काढंल, मग नवी लागंल. येवढं सोडलं तर पैशाला जागनारं मशीन हाय. आन् ह्यो खोका आमच्या पिशवीत घाला."

घेतलं! आता आमचं!

वाटेत मी म्हटलं, पगार होता की. तो म्हणाला, "माया, बघनारी मान्सं मशीन बघत नव्हती गं."  मला खरंच कळलं नव्हतं ते. त्याला कळलं.

३ मार्च, शनिवार

दौंड. माझी बहीण करुणा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. भीमेचे डास म्हणजे काय विचारायलाच नको, पोरांची तोंडं सुजलेली. तिला सगळ्या खिडक्यांना जाळीच्या चौकटी बसवायच्या होत्या. शेजारच्या घरी दोन सुतार आलेले, त्यांचं मोठं वायरचं ड्रिल – आणि लाईट गेलेली! दोघं ओट्यावर विड्या ओढत बसलेले. आमचं मशीन आत घर्र घर्र!

मी चौकट धरायची, तो भोक पाडायचा. "जरा वर. हां. आता हालू नगंस." भोकात गिट्टी – स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी – ठोकताना हातोडी उजव्या हातात म्हणून गिट्टी मी धरायची. एकदा माझ्या बोटावर बसली. मी ओरडले, तो घाबरला, करुणा धावत आली – काही नाही, नखच जरा काळं पडलंय. पहिली चौकट तिरकी बसली. त्यानं काढली. करुणा म्हणाली, "राहू द्या की दाजी, दिसत न्हाई ते." माझा जीव खालीवर झाला – तेच शब्द! त्यानं फक्त मान हलवली. "मला दिसतं." परत लावली. सरळ.

शेवटच्या खिडकीला बॅटरीनं मान टाकली. मला वाटलं आता चिडणार. तो म्हणाला, "दमलं बिचारं. करुणा, जेवायला वाढ." पोटभर जेवला, मशीन चार्जिंगला लावून लाईटची वाट बघत सतरंजीवर आडवा झाला. गाड्यांची धडधड चाललेली आणि हा घोरतोय! संध्याकाळी लाईट आली, खिडकी झाली.

शेजारचे ते सुतार जाताना मशीन हातात घेऊन उलटसुलट बघत होते. एकानं विचारलं, "कुठनं घेतलं?" हाताचं कुणीच काही विचारलं नाही.

८ मार्च

करुणाच्या ओळीतल्या आणखी दोन घरांनी जाळ्या सांगितल्यात. इथं वस्तीत पडद्याच्या दांड्या. आत्यांनी सकाळी कोणाला तरी सांगताना ऐकलं – "आमचा सम्राट दुपारचा घरी घावत न्हाई आता." काय तोरा!

मशीनच्या पकडीवरचं हिरवं रबर काळपट झालंय. चकाजवळ ओरखडा. बरं दिसतं.

१५ मार्च

आज दौंडचं काम. डबा भरला, रजा टाकली होती, साडी बदलून मी पिशवी घेऊन दारात उभी.

"तू कुठं?"

"तुमच्याबरोबर. चौकट कोण धरणार?"

त्यानं पेटीतून लाकडाचा एक आकडा काढून दाखवला. चौकट खिडकीत अडकून राहील असा केलाय. कधी केला, मला पत्ताच नाही. "तुझी पोरं वाट बघत असतील अंगनवाडीत. जा."

पेटी खांद्याला अडकवून एकटा एस.टी.त चढला. अपघातानंतर मी त्याला कुठंच एकटं सोडलं नव्हतं. गाडी सुटेस्तोवर स्टँडवर उभी राहिले. त्यानं खिडकीतून बघितलं नाही. कंडक्टरशी बोलत होता.

इतका आनंद, मग अंगणवाडीत पोरांची हजेरी मी दोनदा का घेतली?

२५ मार्च, रविवार

सकाळी दारात एक बाई. पाटसहून आलेली, नाव रंभा. एक हात पदराखाली झाकलेला. मला वाटलं मदत मागायला आलीय, मी आत पैसे बघायला वळले. ती म्हणाली, "ताई, काय नको. कंपन्यांची लाकडी खोकी ठोकायचे मी. करवतीच्या मशीननं बोटं गेली. दौंडला क्वार्टरमधी ऐकलं तुमच्या मालकांचं. त्येंना एवढंच इचारायचंय – घेन्यासारखं हाय का वो ते मशीन?"

सम्राट आतून आला. तिच्या पदराकडं बघितलं, खुर्ची पुढं केली.

"बसा. डावा का उजवा?"