कुमारी हिमानीच्या दोन खोल्या

मी, तानुबाई उकंडराव इंगळे, वय चोपन्न, राहणार मलकापूर, धंदा नाटकात काम, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी धाक घातला नसताना आणि स्टेजवरच्या कोऱ्या चहाशिवाय कुठलीही दारू न पिता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शिक्षण चौथी. अक्षर वाईट आहे, वाचणाऱ्याने चष्मा लावावा. सोमवारी अकोल्याला गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काही होत नाही. पण मी स्टेजवर इतक्या वेळा मेले की खरी मेले तरी लोक टाळ्या वाजवून घरी जातील. म्हणून आधीच लिहिते.

कलम १. मी अविवाहित आहे. मूलबाळ नाही. नाटकाच्या पोस्टरवर ‘कुमारी हिमानी, मलकापूर’ छापतात ती मीच. तानुबाई नावाने तिकीट खपत नाही म्हणून ठेकेदाराने क्रीमच्या डबीवरचं नाव मला लावलं. पन्नाशी उलटली तरी कुमारी काही कोणी काढलं नाही.

आता धंदा समजून घ्या. गावची पोरं यात्रेत नाटक बसवतात. हिरो, व्हिलन, पोलीस सगळे गावचेच. पण आपली पोरगी कोणी स्टेजवर चढवत नाही, म्हणून हिरॉईन बाहेरून आणतात. दुपारी पोचायचं, एक तालीम करायची, रात्री अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडायचं. जिल्ह्यातल्या अर्ध्या गावांची मी एकेका रात्रीची बायको आहे. सोबत आमचे प्रॉम्प्टर मास्तर. ते विंगेत पुस्तक घेऊन बसतात आणि विसरलेलं वाक्य हळूच पुरवतात.

कलम २. भाऊ गोपाल, राहणार जानेफळ. याने आपल्या पोराच्या, धवलच्या, लग्नपत्रिकेत काका, मामा, गावचा पोलीसपाटील सगळे छापले. सख्खी आत्या तेवढी गाळली. स्टेजवाली म्हणे. मग मांडवात लाईट गेली, माईक बंद, पंगत उठेना. तेव्हा धावत आला, “ताई, एक आवाज दे ना वो!” दिला. चार गल्ल्यांनी ऐकला. तोच त्याचा वाटा, आधीच पोचता केला आहे. घर स्वकष्टाचं आहे, त्यात त्याचा संबंध नाही. परवा फोनवर म्हणे, “त्या मास्तरले काढ आता. उद्या तुले काही झालं तं मी एका दिवसात त्याले रस्त्यावर आणतो.” म्हणूनच हा कागद.

कलम ३. नाटकाची पेटी, टोप, नथ, रंग आणि चार नऊवाऱ्या छकुलीला. ही गोपालचीच पोरगी, पण अक्कल आमच्या आईची. कॉलेजात नाटकात काम करते. बापाला माहीत नाही. आता झालं. छकुले, माईक स्टेजच्या मधोमध टांगलेला असतो. हिरो तुला सरकवून स्वतः त्याच्याखाली उभा राहतो. त्याच्या पायावर पाय दे आणि हसत राहा. रडताना तोंड झाकू नको, मागे बसलेले लांबून आलेले असतात.

कलम ४. मागची खोली, पुढची खोली, मोरी आणि अंगण माझे भाडेकरू मास्तर यांना. वकील म्हणाला, “बाई, भाडेकरूला घर कोण देते? भाऊ कोर्टात हसेल. नातं सांगा.” मी म्हटलं, जे आहे ते लिहिलं.

इथवर लिहून आज सकाळी कागद मास्तरांकडे दिला, ऱ्हस्व-दीर्घ बघा म्हणून. त्यांनी सगळा वाचला, चष्मा पुसला, कागद परत दिला. एकही वेलांटी सुधारली नाही. मग म्हणाले, “तानुबाई, चहा ठेवू का?”

माझ्या हातातलं पेन पडलं. काऊन, ते सांगते.

बावीस वर्षांमागे सोनाळ्यात नाटक होतं. लग्नाचा प्रवेश, आणि हिरोचा सासरा पुढच्या खुर्चीवर येऊन बसला. “सासऱ्यासमोर दुसरं लग्न? मी नाही बा!” म्हणत हिरो मुंडावळ्या फेकून पसार. पब्लिक शिट्ट्या मारून राह्यली. मंडळाच्या अध्यक्षाने मास्तरांना विंगेतून ओढलं. “तुमाले सगळं पाठ आहे ना? मंग चढा!” मास्तर पुस्तक हातात धरूनच अंतरपाटासमोर उभे राहिले.

भटजीचं काम गावच्या खऱ्या भटजींकडे, दिगंबर जोशींकडे होतं. नाटकात मंगलाष्टकेची एकच ओळ, मग पडदा. जोशींनी आठही म्हटल्या. मी अंतरपाटाआडून म्हणते, “महाराज, आटपा!” ते म्हणतात, “अर्धं म्हणत नसतो मी. दोष लागते.” लोकांनी ज्वारीच्या अक्षता टाकल्या. एक म्हातारी स्टेजवर चढून माझी ओटी भरून गेली. मास्तरांनी बाजारातली खोटी पोत माझ्या गळ्यात घातली.

परतताना टेम्पोत मास्तर म्हणाले, “बाई, हे नाटकच होतं ना?”

“मंग काय? पुस्तक सांभाळा, पानं उडून राह्यली.”

त्यांनी पुस्तक मांडीखाली दाबलं. पण त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. बाई नाही, तानुबाई नाही, हिमानी नाही. फक्त “ऐकलं का”. विंगेतूनही आधी “ऐकलं का”, मग वाक्य. पुढे ते मागच्या खोलीत राहायला आले, तरी तेच. मला कळत होतं. मी कळलं नाही असं केलं, आणि ते काम बावीस वर्षं बरं वठवलं.

आज माझा कागद वाचून त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी एका शब्दात परकी झाले.

कलम ५. म्हणून कलम १ मधला ‘अविवाहित’ आणि कलम ४ मधला ‘भाडेकरू’ हे शब्द मी खोडले आहेत. खाडाखोड माझीच, बाजूला सही आहे. कागद पुन्हा लिहीत बसणार नाही, एवढा दम मला नाही. वकील म्हणतो मास्तरांचं पूर्ण नाव लागते. नवऱ्याचं नाव बायको अशी उगाच घेत नाही, उखाण्यात घेते. कोर्टाने लिहून घ्यावं:

पडदा पडला, बत्ती विझली, पब्लिक गेलं घरी,
दीपक श्यामराव कोलत्यांची मागची-पुढची खोली सारी.

चहा त्यांनी ठेवला आहे. आतून आवाज आला, “ऐकलं का, आलं टाकू?” ऐकलं म्हटलं. टाका.

ठिकाण मलकापूर, दिनांक १४ नोव्हेंबर २०२४

सही: तानुबाई, स्टेजवरची हिमानी (कुमारी काढली)

साक्षीदार:
१. बेबीताई वानखडे, शेजारीण. (मले तं पहिलेपासूनच माहीत होतं.)
२. दिगंबर जोशी, सोनाळा. तेव्हाही हजर होतो, आजही आहे. आठही म्हटल्या होत्या.