दोन नाटकं सोडून

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय चिमणी,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिन्यापुरते शाबूत आहेत. इतक्या वर्षांनी तुम्हा नाटकवाल्यांच्या वहिनीचं पत्र आलेलं बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघितलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही दोघंही धडधाकट आहोत.

बातमी अशी की ह्यांची सगळी नाटकं एका जाड पुस्तकात येताहेत. विनोदी, गंभीर आणि धड हे ना ते अशी सगळी. प्रकाशक घरी येऊन प्रस्तावना मागत होता. हे म्हणाले, "प्रस्तावना कशाला? पडदा वर घ्या आणि बाजूला व्हा." प्रकाशक हसताहसता सोफ्यावरून घसरायचाच बाकी होता. आत तुझाही फोटो आहे, 'शेजारच्यांची किल्ली'मधला, कमरेवर हात ठेवून उभी आहेस तो. मला विचारलं असतं तर दुसरा निवडला असता, पण मला कोण विचारतंय.

ह्यांचं नाटक सगळ्यांत आधी ऐकायचं ते मी, हे तुला माहीत आहेच. मी ओट्याशी भाजी चिरत असायची आणि हे स्टुलावर बसून वाचायचे. मी हसले की कागदावर पेन्सिलीचं टिंब. चार पानं गेली आणि टिंब पडलं नाही, की हे चष्मा काढून माझ्याकडे बघायचे आणि ती पानं बाद. गंभीर नाटकात मी चिरायची थांबले की टिंब. लोक म्हणतात ह्यांच्या नाटकात एक वाक्य फुकट जात नाही. कसं जाईल, फुकटची सगळी माझ्या ओट्यावर मेली. म्हणून दोन नाटकं सोडून बाकी सगळी मला तोंडपाठ आहेत, बायकांची वाक्यं आणि पुरुषांचीही.

ती दोन कुठली, ती ह्यांनी आधी कुणाला वाचून दाखवली आणि मी त्या वर्षी भावाकडे का जाऊन राहिले होते, हे तुला मी सांगायला नको. ती मी बघितली नाहीत आणि वाचलीही नाहीत. तू त्यांत फार सुंदर काम केलंस असं लोक सांगत होते. केलं असशील.

आता मुद्द्यावर येते. हे रोज संध्याकाळी फिरायला जातात. पूर्वी अर्ध्या तासात परत यायचे, हल्ली दिवे लागून जातात तरी पत्ता नसतो. परवा विचारलं, इतका वेळ कुठे होतात? तर म्हणाले, "बाजारात गेलो होतो. बाजार माझ्याकडे बघत राहिला, मीही बाजाराकडे बघत राहिलो. कुणीच कुणाला घेतलं नाही."

ओळखलंस ना? 'शेजारच्यांची किल्ली', दुसरा अंक. नवरा त्या दुसऱ्या बाईकडून उशिरा परत येतो आणि दारातच हे वाक्य टाकतो. प्रेक्षक आडवे व्हायचे. तेच वाक्य ह्यांनी मला, माझ्या दारात, कोट काढत ऐकवलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी मुद्दाम त्यातल्या बायकोचं पुढचं वाक्य टाकून बघितलं, तुझंच ते, "आणि कोटाला वास मोगऱ्याचा?" हे क्षणभरही अडखळले नाहीत. "मोगरा बाजारातच मिळतो," म्हणाले आणि आत गेले. अख्खा प्रवेश पार पडला. मला काही विचारताच आलं नाही.

शिवाय साबण. एकदा बाहेर पडले की साबणाच्या दोन वड्या आणतात, दोन कंगवे आणतात. एक आपल्याकडे, दुसरा कुणाच्या न्हाणीघरात जातो? दुसरा मला कपाटात सापडला, पण तो द्यायचा राहून गेला असेल. घंटी वाजवायच्या आधी दाराबाहेर कितीतरी वेळ उभे असतात. मी दाराच्या भिंगातून बघते. ओठ हलत असतात. चोराला जबानी पाठ करावी लागते, खऱ्याला कशाला?

तर सरळ विचारते. तू हल्ली आमच्या गावात येतेस का?

उत्तर पोस्टानेच पाठव. फोन हे उचलतात.

तुझी,
वहिनी


दि. १९ फेब्रुवारी

प्रिय चिमणी,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी. पूर्वी तुला चार ओळींचं काम दिलं असतं तर तू दिग्दर्शकाशी आठवडाभर बोलली नसतीस. असो. ऑपरेशन झाल्यापासून तू उंबरठ्याबाहेर पडत नाहीस आणि ह्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलली नाहीस, हे वाचलं. विश्वास ठेवला असं म्हणत नाही, वाचलं. शेवटची ओळ मात्र झोंबली. 'वहिनी, माझ्यावर डोळा ठेवण्यापेक्षा एकदा त्यांच्या मागे चालत जा.' दोन दिवस धुसफुसले आणि मग पायांत चपला घातल्या.

हे पुढे, मी मागे. कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत झपाझप गेले, मला दम लागला. तिथे थांबले. मी फळवाल्याच्या गाडीआड उभी. हे चौकात सगळीकडे मान वळवून बघत होते. मनात म्हटलं, आता येईल बया. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. कुणी आलं नाही. फळवाला मला दोनदा म्हणाला, "आजी, घ्यायचंय का काही?" मी त्याला गप्प केलं.

मग हे शेजारच्या सलूनमध्ये शिरले. मी दाराशी गेले. आत ह्यांचा तो रंगमंचावरचा खणखणीत आवाज, "काय हो, आमचं घर इथेच ठेवून गेलो होतो. कुणी उचललं का?" सगळं सलून हसलं. तोंडाला साबण लावलेला माणूससुद्धा. सलूनवाल्याने कंगवा ठेवला आणि म्हणाला, "चला साहेब, चोर पकडू." कोपराला धरून त्याने ह्यांना आमच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठून विचारलं, तर तो कौतुकाने सांगतो, "रोजचंच आहे, वहिनी. फार गमत्या माणूस. घर दाखवल्याशिवाय हलत नाहीत."

हे वाक्यही जुनंच. 'साहेब आंघोळीला गेलेत'मधला तो दारुडा येतो ना, त्याचं.

मी नीट विचार केला. सगळं उघड आहे. हे नवीन नाटक लिहिताहेत. विनोदी. एका विसराळू म्हाताऱ्यावर. आणि ते रस्त्यावर करून बघताहेत, कुठे हसू येतं, कुठे येत नाही. मला पटलं आहे. तुलाही पटेल.

माझी तक्रार एवढीच की मग वाचून कुणाला दाखवताहेत? मी रोज भाजी चिरते. स्टूल रिकामं असतं. परवा मी मुद्दाम ते ओट्याजवळ ओढून ठेवलं, तर ह्यांनी उचलून पंख्याखाली नेलं आणि त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. टेबलावर एक नवा कागद नाही, मी बघितलं, खालचे खणसुद्धा बघितले. म्हणजे पानं लिहिल्या लिहिल्या कुठेतरी जाताहेत. म्हणून परत तुझ्याकडे वळले, रागावू नकोस. ती तुझ्याकडे येतात का? ह्यांना जपून ठेवायचं काही असलं की ते घरात ठेवत नाहीत, हा माझा जुना अनुभव आहे.

येत असतील तर हो लिही. मी भांडणार नाही. खरं सांगू, तू हो लिहिलंस तर मला बरं वाटेल.

तुझी,
वहिनी


दि. ११ मार्च

प्रिय चिमणी,

'नाही वहिनी, खरंच नाही.' एवढं लिहायला तुला अख्खं आंतर्देशीय लागलं आणि उरलेलं कोरं ठेवलंस. त्या कोऱ्या जागेत तू काय लिहिणार होतीस ते मला समजलं.

पुस्तकाचा समारंभ फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी झाला. सभागृह भरलं होतं. दिग्दर्शक व्यासपीठावर आले, ह्यांची पहिल्यापासूनची सगळी नाटकं ज्यांनी बसवली तेच, आणि त्यांनी ह्यांना कडकडून मिठी मारली. हे मागे सरले, त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि माइकवर म्हणाले, "आपली ओळख?" सभागृह कोसळलं. दिग्दर्शक सगळ्यांत जास्त हसले, डोळे पुसत हसले. मीही हसले. टाळ्या संपेचनात.

घरी येताना गाडीत ह्यांनी माझ्या बाहीला धरलं आणि हळूच विचारलं, "तो जाड गृहस्थ कोण होता गं? फार जवळचा असल्यासारखा वागत होता."

आता लिहूनच टाकते. नवीन नाटक नाही. दुसरी बाई नाही. दुसरा साबण म्हणजे पहिला आणलेला आठवत नव्हता, इतकंच. त्या वडीवरून मी अख्खं न्हाणीघर उभं केलं, आरशासकट. दाराबाहेर हे आपलंच घर ना याची खात्री करत होते आणि आत काय बोलायचं ते जुळवत होते. चिमणी, मला दुसरी बाई चालली असती गं. तिच्या घरी जाऊन तिचे वाभाडे तरी काढता आले असते.

डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? हे म्हणाले, "माझ्याकडे बघून जो वाटतो तो लावा." डॉक्टर हसले. पुढच्या प्रश्नालाही असंच, त्याच्या पुढच्यालाही. मग डॉक्टर हसायचे थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मते ही वाक्यं ह्यांच्याजवळ बराच काळ टिकतील. बाकीचं सांगता येत नाही.

तर आता आमच्या घरात दिवसभर नाटक चालतं. मी चहा ठेवून एक वाक्य टाकते, हे पुढचं देतात. शेजारीण म्हणते, या वयात तुमचं किती छान जमतं. जमतं. पण त्यातलं एकही वाक्य माझं नाही. ती सगळी तिकीट काढून आलेल्या लोकांसाठी केलेली, माझ्यासमोर घासूनपुसून बाहेर पाठवलेली. मला एक वाक्य हवं होतं, कुठल्याही अंकात नसलेलं, कुणी न हसलेलं, मला म्हणून बोललेलं. आता ते कुठून यायचं, असं म्हणून मी रोज ह्यांच्या शर्टाची बटणं लावत होते.

काल सकाळी बटणं लावताना ह्यांनी माझा हात धरला. खणखणीत आवाज नाही, साधा, घोगरा. म्हणाले, "तू गेलीस तेव्हापासून मी दाराला आतून कडी लावलेली नाही."

पुढचं वाक्य काय, ते मला येईना. एकेक नाटक मनातल्या मनात उघडून बघितलं, विनोदी, गंभीर, पडलेली, गाजलेली. कुठेच नाही. मी कापलेल्या पानांतही नाही. तोपर्यंत हे खिडकीकडे बघत होते आणि हात सुटला होता.

म्हणजे एक तर ते माझं आहे, नाही तर त्या दोन नाटकांतलं.

पुस्तक टेबलावर आहे. ती दोन्ही नाटकं त्यात आहेत. काल दुपारी मी ते मांडीवर घेऊन बसले, अनुक्रमणिका काढली, पान क्रमांक बघितला आणि बंद केलं. कपाटावर टाकलं, मला स्टुलाशिवाय हात पोचणार नाही इतकं वर.

तू ये. गाडी पाठवते, जिना चढायला दोन माणसं उभी करते. तू आलीस तर ह्यांना बरं वाटेल. ती दोन नाटकं मला येत नाहीत, ह्यांनी त्यातलं काही म्हटलं तर ह्यांना उत्तर द्यायला घरात कुणी नाही, आणि हे उत्तराची वाट बघतात. ते मला बघवत नाही. तू समोर बस आणि बोल. मी त्या वेळी भाजी आणायला जाईन.

पण एक सांगून ठेवते. त्या दोन्ही नाटकांत तू बायको होतीस. कुणी तुझ्यासमोर उभं राहून हे कडीचं वाक्य बोललं असेल तर तुला आठवतच असेल. मला सांगू नकोस. मी विचारलं, हातापाया पडले, तरी सांगू नकोस. कारण असलंच त्यात, तरी त्या वर्षी घर सोडून गेली होती ती मीच. तू तिथे माझ्या जागी उभी होतीस.

वाट बघते. तुझी वाट बघेन असं मला या जन्मात वाटलं नव्हतं.

ह्यांची बायको,
वहिनी