लाल शाईखालची नोंद

९ जाने. १९७४
आज बाहेरचे परीक्षक आमच्या अध्यापिका विद्यालयात. दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या बालनिरीक्षण वह्या पाहिल्या. प्रत्येकीने एक मूल निवडायचे, वर्षभर पाहायचे, दर पंधरवड्याला लिहायचे, आणि तपासायचे मी. गेल्या वर्षी याच गृहस्थांनी सर्वांसमोर झापले होते. कोणत्या वयात मुलाला काय येते, त्या माझ्या टिपणाशी वहीतली मुले जुळत नाहीत म्हणून. यंदा तक्रार नाही. उलट कुंदाची वही वर काढली. म्हणाले, ही पुढच्या बॅचला नमुना म्हणून ठेवा. प्राचार्यांनी लगेच काचेच्या कपाटात ठेवली. मला चहा पुढे केला.
बरे वाटले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही तेच मनात. मन कौतुकात ठेवून लावू नये असा दिवा.

१४ जाने.
संक्रांत. मुली तिळगूळ घेऊन घरी आल्या, गोंगाट केला, गेल्या. कुंदा दाराशी थांबली. काटोलकडच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची. शहराबाहेर वाडीला गोदामांच्या मागे खोली घेऊन राहते. घरमालकिणीची चार वर्षांची बेबी हीच तिच्या वहीतली मुलगी.
"सर, बेबीले ऐकू येत नाही."
"कोण म्हणतं?"
"मीच. ऑगस्टमध्येच लिहिलं होतं मी. कच्च्या वहीत."
मी म्हणालो, उद्या कच्ची वही आण, बघू. जणू मला आठवत नव्हते. खरे म्हणजे ती बोलली त्याच क्षणी आठवले होते.

१५ जाने.
कच्ची वही पाहिली. तिचे अक्षर बारीक, नीट. तिने लिहिलेले उतरवून ठेवतो:
"मागून हाक मारली. वळली नाही. ताट वाजवले. वळली नाही. भिंतीला टेकून बसली असताना बाहेर ट्रक आला, तशी लगेच उठून दाराकडे धावली. दुसऱ्या दिवशी खाटेवर बसवले, भिंतीपासून दूर. ट्रक आला. धावली नाही. शब्द दोनच, तेही आईलाच कळतात."
यावर माझी लाल रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खाली माझे अक्षर: "सदोष निरीक्षण. चौथ्या वर्षी मूल सतत प्रश्न विचारते. टिपणाशी जुळवून पुन्हा लिहा." सही.
पक्क्या वहीत तिने जुळवून लिहिले. "बेबी सतत प्रश्न विचारते. हे काय, ते काय." वीसपैकी अठरा दिले मी.
ट्रक कानाने कळतो की भिंतीतून, हे पाहायला पोरीने खाट सरकवली. अकरा वर्षे हा विषय शिकवतो. मला एकदाही...

१७ जाने.
तास घेतला. तेच टिपण, पिवळी पडलेली पाने. तीन महिने, मान धरते. सहा महिने, आधाराने बसते. चौथ्या वर्षापाशी आलो आणि पुढचे वाक्य तोंडातून निघेना. चाळीस लेखण्या थांबल्या. मागून एकजण, "सर, चौथ्या वर्षी काय?" बाकीच्या हसल्या. घसा बसला म्हणून सांगितले. खोटे.
कुंदा वर पाहत नव्हती.
संध्याकाळी सौ.ला विचारले, आपला धाकटा पहिल्यांदा कधी बोलला? तिला सगळे ठाऊक. महिना, सकाळची वेळ, चुलीवर काय होते तेसुद्धा. म्हणाली, "तुम्हाले कसं माहीत राहीन? तुम्ही तर तेव्हा पोरं कशी वाढतात ते शिकवून राहिले होते." हसत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हते.
तीन मुले झाली घरात. एकाचेही पहिले पाऊल मी पाहिले नाही.

२० जाने., रविवार
सायकलने वाडीला गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचे.
बेबीची आई सिंधूबाई. नवरा गोदामात ट्रक भरतो. मला पाहून तिने खुर्ची पदराने पुसली, शेजारणीला हाक मारली, "ये वं, कुंदाबाईचे सर आले!" चहा टाकला. साखर शेजारून आली असावी.
मग तीच सांगू लागली. दिवाळीत नणंद म्हणाली होती, पोरगी बहिरी आहे. कुंदालाही तसेच वाटत होते. "मी कुंदाबाईले विचारलं, तुमचे सर काय म्हणते? त्या म्हणे, सर म्हणते माझंच पाहणं चुकलं. मी म्हटलं मंग झालं. त्यांनी हजारो पोरं पाहिली असतीन. बहिरी नाही, हट्टी आहे कार्टी. तवापासून छडी ठेवली मी. आता सुधरून राहिली बरं, गुरुजी."
छडी दाराच्या मागे होती. निंबाची.
मी हजारो पोरे पाहिली नाहीत. मी त्यांच्याबद्दल वाचले आहे.
सांगितले नाही. चहा प्यालो. निघताना बेबीच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तिने दोन्ही हातांनी डोके झाकले. सिंधूबाई म्हणाली, "पाहा, कशी भेते! मोठ्या माणसाचा धाक पाहिजेच."
येताना देवळापाशी उतरलो. पायरीला हात लावून परत आलो. आत जाववेना.

२३ जाने.
तीन दिवस मनाशी घोळवत होतो की कुंदाने सांगितले तर अधिक बरे. ती तिथेच राहते, घरची झाली आहे. आज व्हरांड्यात तसे म्हणालोही.
"मी सांगून काय होईन सर? त्या म्हणतीन, सरांनी म्हटलं ते खरं."
"तरी पण..."
"खोडलं तुम्ही ना सर." अगदी हळू म्हणाली. मग घाईने, "माफ करा सर, चुकून बोलली."
माफी तिने मागितली. मी "असू दे" म्हणालो! असू दे म्हणालो मी.

२७ जाने., रविवार
सांगितले.
कुंदाला सोबत घेतले होते. सिंधूबाईला म्हणालो, परात घ्या, बेबीच्या पाठीमागे उभ्या राहा आणि वाजवा. तिला गंमत वाटली. "काहून जी? काय तमाशा आहे?" वाजवली. अंगणातली कोंबडी पळाली. शेजारचे म्हातारे, "काय झालं गा?" करत कुंपणाशी आले. बेबी मातीत बसून खापरांची उतरंड रचत होती. तशीच रचत राहिली. आईने आणखी जोरात वाजवली. मग आणखी. मग थांबली.
मी म्हणालो, कुंदाने हे ऑगस्टमध्येच लिहिले होते. मी खोडले. पुस्तकाशी जुळत नव्हते म्हणून. चूक तिची नव्हती, माझी. न पाहता लिहिले मी.
तिने परात खाली ठेवली.
"म्हंजे मी तिले काहून मारलं?"
मला विचारले. खरोखर उत्तर हवे असल्यासारखे.
"माझ्यामुळे," म्हणालो.
ती आत गेली. आम्ही दोघे अंगणात उभे. बसा कोणी म्हटले नाही, आणि तेच योग्य. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेले. माझ्याकडे न पाहता कुंदाला म्हणाली, "कुठं न्यावं लागते हिले?"
शिवी दिली असती तर सोपे गेले असते. हेही मी माझेच सोपे बघतो.

२९ जाने.
प्राचार्यांना गाठले. म्हणालो, कपाटातली वही काढू द्या, ती खोटी आहे आणि खोटी मी करवली. त्यांनी दार लोटून घेतले. "परीक्षकांचा शेरा आहे तिच्यावर. वही काढली तर पोरीचे गुण जातील. तुमचं मन हलकं होईल, तिचं वर्ष जाईल." बरोबर बोलले. वही कपाटातच आहे. उद्या मुली तिच्यावरून उतरवून घेतील.

३१ जाने., गुरुवार
मोठ्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे. सिंधूबाई, बेबी, मी. कुंदाचा शाळेत सरावाचा पाठ होता, ती आली नाही. बसमध्ये सिंधूबाई माझ्यापासून दोन बाक पुढे बसली.
डॉक्टरांनी विचारले, कधीपासून लक्षात आले? ती माझ्याकडे पाहू लागली. मी कच्ची वही दिली. त्यांनी रेघेखालचे सगळे वाचले, खाटेचेसुद्धा. "चांगलं पाहिलंय. हे खोडलं कोणी?"
"मी."
त्यांनी वर पाहिले. पान उलटले.
तपासून म्हणाले, एका कानात थोडे शिल्लक असावे. कानाचे यंत्र, मग बहिऱ्या मुलांची शाळा. किती बोलेल ते आता सांगता येणार नाही. जेवढे लवकर तेवढे बरे, ऑगस्टपासून गेलेले हे महिनेही महत्त्वाचे होते. हे त्यांनी सहज सांगितले. मग दाखवले: मुलीचा तळवा आपल्या गळ्यावर धरायचा आणि बोलायचे. आवाज हाताला कळतो. रोज करायचे.
बाहेर कडुलिंबाखाली सिंधूबाईने करून पाहिले. बेबीचे मनगट धरले मात्र, पोरीने अंग चोरले, डोळे मिटले. मार येणार म्हणून. पुन्हा धरले, पुन्हा तसेच. सिंधूबाई खाली बसली.
"मले भेते," म्हणाली. मग, "तुम्ही करून पाहा."
मी गुडघ्यावर बसलो. हात धरला नाही, नुसता गळा पुढे केला. बेबीने बघितले, आपणहून तळवा ठेवला. लहान, धुळीने खरखरीत. आता काय बोलावे? आयुष्यभर बोलण्याचीच नोकरी केली. देवाचे नावसुद्धा येईना. शेवटी तिचेच नाव घेतले. बेबी. तिचे डोळे मोठे झाले. हात काढला नाही. पुन्हा म्हणालो. ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली.
सिंधूबाई उठली आणि तिचा हात सोडवून घेतला. जोराने नाही.
"पुढच्या गुरुवारी दुपारी बलावलं आहे. मी एकटीच आणीन तिले. तिनं माह्याच गळ्याले पहिले हात लावला पाहिजे. तुम्ही नका येऊ."
बरे म्हणालो.
गुरुवारी दुपारी मला तास नाही.