व्याहीभेटीची कॅसेट

४ जानेवारी, रविवार
कॅसेट सापडली! गाद्यांच्या पेटीत, तळाशी, माह्या शालूच्या घडीत. वर ह्यांच्या अक्षरात 'शुभविवाह, धामणगाव बढे'. ऋतूले तिच्या हळदीच्या दिवशी पडद्यावर आमचं लग्न दाखवायचं आहे. "आई, मजा येईल." मजा कोणाले येईल ते दिसतंच आहे.

उघडून पाहिलं तं फितीवर पांढरी बुरशी, लोणच्याले येते तशी. हे म्हणाले, फेकून दे. म्हटलं, अहो, आपल्या लग्नाची आहे! तं म्हणे, "म्हणूनच." पोळ्या मोजून दोनच वाढल्या.

६ जाने., मंगळ.
आमच्या लग्नाचं शूटिंग केलेले व्हिडिओवाले भाऊ इथंच लोणारात, बसस्टँडजवळ. आता झेरॉक्सचं दुकान. शाळा सुटल्यावर गेली. व्ही.सी.आर. अजून चालू आहे! त्यांनी स्क्रू काढून फीत दुसऱ्या डब्बीत घातली, कापसानं बुरशी पुसली, कॉम्प्युटरले जोडायची वायरही दिली. "मॅडम, घाई चालत नाही. तीन घंट्याची कॅसेट म्हणजे तीन घंटेच लागतात." सगळं बोचकं मोपेडवर बांधून घरी.

बाबा (आई गेल्यापासून आमच्याकडंच) ओट्यावरून: "व्याहीभेट आहे ना त्याच्यात?" जेवताना पुन्हा तेच. हात धुताना पुन्हा.

१० जाने., शनि.
ऋतूनं विचारलं, आबा व्याहीभेट-व्याहीभेट काऊन करून राह्यले? सांगावंच लागलं.

माह्या लग्नात व्याहीभेटीचा पहिला मान मोठेबाबाचा. बाबाचे थोरले भाऊ. दोन्हीकडचे थोरले गळाभेट घेतात, दुपट्टा-टोपी होते, मग बाकीचे. बाबा म्हणतात, "माईकवर दोनदा नाव घेतलं, आला नाही." मोठेबाबाचं एकच म्हणणं, "मले नेलं नाही." मग बाबानंच पुढं होऊन भेट घेतली. तिथून अबोला. सत्तावीस वर्षं! आजीच्या तेराव्यालेही दोघं दोन टोकाले बसले.

मले विहिरीत पोहायले शिकवलं ते मोठेबाबानं. पाठीले डबा बांधून ढकलून द्यायचे आन वरून हसायचे. माह्या लेकीच्या लग्नात ते नसले तं मले चालणार नाही. फोन केला होता, तं म्हणे, "पाहू." आमच्याकडं पाहू म्हणजे नाही.

१४ जाने., संक्रांत
पहिला अर्धा भाग कॉम्प्युटरवर उतरला. काय ते इफेक्ट, देवा रे! मी गुलाबातून बाहेर येते, हे धबधब्यावरून उडत जातात. ह्यांचे केस पाहून ऋतू खाली पडून हसली. "बाबा, एवढे होते?" हे उठून गच्चीवर गेले.

म्हटलं बाबा, सणाचा दिवस आहे, मोठेबाबाले फोन लावू का? तिळगूळ घ्या म्हणा. तं म्हणे, "तिळगुळानं भांडणं मिटत असती तं कोर्टं बंद पडली असती. तू थे व्याहीभेट काढ आधी. पुरावा आहे तो."

१७ जाने., शनि.
आली व्याहीभेट. बाबा टोपी घालून बसले टीव्हीसमोर. आन आवाजाच्या जागी काय, तं सिनेमाचं गाणं! भाऊंनी अख्ख्या लग्नावर गाणी चढवलेली. बाबा माईकवर बोलून राह्यले, ओठ हलून राह्यले, वर बाई गाऊन राह्यली.

"आवाज वाढव."
"वाढवला तं गाणंच वाढते बाबा."

बिचारे! तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात ऋतू म्हणाली, थांबा, मागं पाहा.

मागं पंगत. मोठेबाबा धोतर खोचून वरणाची बादली घेऊन वाढत होते. बाबाचे ओठ हलले आन मोठेबाबा थांबले. बादली खाली ठेवली. हात धोतराले पुसले. टोपी सरळ केली. मांडवाकडं तोंड करून उभे राह्यले.

बाबा उठूनच उभे. "पाह्य! ऐकू आलं त्याले! पाह्य वं माय!" टाळ्या वाजवल्या. शेजारची पाहायले आली काय झालं म्हणून.

पण फीत पुढं चाललीच होती. मोठेबाबा उभेच. इकडं पाह्यतात, तिकडं पाह्यतात. मग पुढं बाबा व्याह्याच्या गळ्यात पडले. मोठेबाबानं बादली उचलली आन पुढच्या पानावर वरण वाढलं.

"मंग आला काऊन नाही?" बाबा म्हणाले. खाली बसले. तेवढाच तुकडा पुन्हा लावायले लावला. मग पुन्हा. मले रडू आलं. हे पाणी घेऊन आले, माह्यासाठी नाही, बाबासाठी.

१८ जाने., रवि.
सकाळच्या एस.टी.नं बाबा आन मी धामणगावले. तुकडा मोबाईलमध्ये. मेहकरपासून बुलडाण्यापर्यंत बाबा घोकून राह्यले, असं म्हणतो, तसं म्हणतो. मोताळ्यापासून नुसती टोपी सारखी करून राह्यले.

मोठीआईनं दार उघडलं आन तोंडाले पदर लावला. मोठेबाबा बाजेवर. ब्याऐंशी वर्षांचे, पण मान ताठ. माह्या डोक्यावर हात ठेवला, बाबाकडं पाहिलं नाही. बाबानं घोकलेलं सगळं सोडून सरळ मोबाईल पुढं केला. मोठेबाबानं चष्मा पुसून तीनदा पाहिलं.

"हाव. ऐकलं होतं. मी कधी म्हनलो ऐकलं नाही?"
"मंग दादा?"
"माईकवर तं गावाले बोलावतात बे. सख्ख्या भावाले हात धरून नेतात."
"व्याही उभे होते, गडबड होती..."
"दहा पावलं होती."

खरंच तेवढीच होती, आम्ही कालच पाहिली. मोठीआईनं भाकर-वांग्याची भाजी वाढली. दोघं एका ओळीत बसले, मधात मी. कोणाले मीठ पाहिजे असलं तं मले सांगत होते.

चारच्या गाडीले निघालो तं बाबा म्हणतात, "तू जाय. मी थांबतो." मोठेबाबा: "थांब नाही तं जाय, मले काय. बाज तिकडं आहे." मी एकटीच परत. घरी हे म्हणाले, सासऱ्याले कुठं विसरून आली?

२४ जाने., शनि.
आठवडा झाला. बाबा तिथंच. मोठीआई सांगते, रोज सकाळी मळ्यात चक्कर, दोघं शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, हरभऱ्याले पाणी कधी द्यायचं ह्याच्यावरून. चहा मात्र एका जागी.

आज बाबाचा फोन. अर्धा वेळ ऋतूच्या शेरवानीवाल्याची चौकशी (नवरदेव म्हणायचं होतं त्यांना). मग आवाज लहान करून: "गाडी पाठवशील लग्नाच्या आदल्या दिवशी, तं मोठी पाठव. बसायले जागा लागन." मी म्हटलं, मोठेबाबा येतो म्हणाले? "तो नाही म्हनला काही. मीही इचारलं नाही. हात धरून बाहेर आनतो, मंग बसला तं बसला. हात सोडत नाही मी ह्या बारीले."

तेवढ्यात मागून मोठेबाबाचा आवाज, खणखणीत: "कोनाशी कुजबुज करून राह्यला बे?"

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना 'बे' म्हणणारं आता दुनियेत एकच माणूस उरलं आहे. फोन ठेवला आन इतकी खुश झाली की भाजी करपली. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

मोठी गाडी सांगितली आहे.